कण दिसत नाही, मग 'सापडला' असं कशावरून म्हणायचं?

प्रश्नाचा गाभा असा आहे: अणू डोळ्यांना दिसत नाही, इलेक्ट्रॉन त्याच्याही पोटातला, न्यूट्रिनो पृथ्वीच्या आरपार निघून जातो आणि प्रोटॉनच्या आतला क्वार्क तर सुटा कधी हाती लागतच नाही. तरीही पुस्तकांत प्रत्येकापुढे शोधाचं साल आणि शोधकाचं नाव ठामपणे छापलेलं असतं. हे शोध कशाच्या जोरावर मान्य झाले? आणि आज 'नवा कण सापडला' अशी बातमी आली, तर तिच्यावर कधी विश्वास ठेवायचा?

मी प्रायोगिक कणभौतिकीत काम करतो. डिटेक्टर (कणांच्या खुणा टिपणारं उपकरण) बांधायचा, तपासायचा आणि त्यातून येणारा डेटा चाळत बसायचा, हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे उत्तर प्रयोगाच्या बाजूने देतो. आमच्या क्षेत्रात 'पाहणं' ही कसोटी कधी नव्हतीच. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या वाटांनी मोजत गेलं आणि तरी आकडा तोच आला, की मंडळी कण मान्य करायला लागतात. एकाच वाटेने आलेला आकडा कितीही काटेकोर असला, तरी त्यावर कोणी सही करत नाही.

कणाद आणि डेमोक्रिटस यांना मी या गोष्टीत घेत नाही, ते याच कारणाने. पदार्थ बारीक कणांचा असावा ही कल्पना मोठीच आहे. पण तो कण केवढा, किती जड, चिमूटभर पदार्थात असे किती, यातलं काहीच त्यातून निघत नाही. त्यामुळे ती कल्पना खोडायची सोयही राहत नाही.

आकडे आले ते डाल्टनपासून, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. १२ ग्रॅम कार्बनशी संयोग पावताना ऑक्सिजन १६ ग्रॅम तरी लागतो किंवा ३२ ग्रॅम तरी. मधलं काही चालत नाही. असं पूर्णांकी प्रमाण अनेक संयुगांत दिसायला लागलं, तेव्हा पदार्थ मोजून-मापून, नगावर घेतला जातोय असं मानणं सोपं झालं. पण रेणूत कोणाचे किती अणू, हे डाल्टनला माहीत नव्हतं. पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असं त्याने धरलं, आणि त्यामुळे ऑक्सिजनचा अणुभार कोष्टकात निम्म्यावर आला. हा घोळ पुढे पन्नासएक वर्षं चालला. १८६० मध्ये कार्ल्सरूहे इथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तिथे कॅनिझारोने अ‍ॅव्होगाड्रोचं जुनं गृहीतक (सारख्याच तापमानाच्या आणि दाबाच्या, समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान) पुन्हा पुढे आणलं आणि त्यानंतर कोष्टकं ताळ्यावर आली.

तरीसुद्धा 'अणू खरोखर असतो का' हा वाद मिटला नाही. ऑस्टवाल्ड आणि माख यांच्यासारखे दिग्गज विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरही म्हणत होते की अणू ही हिशोबाची सोय आहे, वस्तू नव्हे. आज त्यांची थट्टा करणं सोपं आहे. मला मात्र त्यांचा हट्ट रास्त वाटतो, कारण तोवर कोणीही एका अणूचं वजन भरवशाने सांगितलेलं नव्हतं.

ते काम ज्याँ पेरँने केलं. १९०५ मध्ये आइनस्टाइनने दाखवलं होतं की पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणाची वेडीवाकडी हालचाल मोजली, तर त्यावरून पाण्याच्या रेणूंची संख्या काढता येते. पेरँने एका झाडाच्या पिवळ्या रेझिनचे जवळजवळ एकाच आकाराचे बारीक गोळे वेगळे काढले, पाण्यात सोडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळ्या उंचीवर किती गोळे तरंगतात ते मोजत बसला. उंच जाऊ तशी हवा विरळ होते, तसेच हे गोळेही विरळ होत जातात. फरक इतकाच की इथे ते मिलिमीटरच्या अंशात होतं. त्यावरून काढलेली अ‍ॅव्होगाड्रो संख्या (१२ ग्रॅम कार्बनमध्ये जितके अणू तितकी) आणि गोळ्यांच्या हालचालीवरून काढलेली संख्या जवळपास सारखी निघाली. १० चा २३ वा घात बाजूला ठेवला तर पेरँचा आकडा ७ च्या जवळ होता, आजचा ६.०२ आहे. पण त्याची खरी करामत पुढे आहे. आकाशाचा निळेपणा, तापलेल्या वस्तूचं प्रारण, किरणोत्सारी पदार्थातून साठत जाणारा हेलियम, विद्युतभाराचं सर्वांत लहान माप, अशा एकमेकांशी सुतराम संबंध नसलेल्या गोष्टींवरून तीच संख्या काढता येते आणि ती ६ ते ७ च्या दरम्यानच येते, हे त्याने एकत्र मांडलं. अणू नसेलच, तर हे सगळे रस्ते एकाच ठिकाणी का यावेत? १९०९ च्या सुमारास ऑस्टवाल्डने जाहीरपणे हार मानली.

आता गंमत बघा. अणू असा सर्वमान्य होण्याआधीच अणूचा एक तुकडा सापडून बारा वर्षं झाली होती.

निर्वात नळीत ऋण टोकाकडून निघणारे कॅथोड किरण म्हणजे लाटा की कण, यावर जर्मन आणि ब्रिटिश प्रयोगशाळांत दीर्घ वाद होता. हर्ट्झने किरणांच्या दोन बाजूंना विद्युतभारित पट्ट्या ठेवून पाहिल्या. किरण तसूभरही वळले नाहीत. भार असता तर वळले असते, म्हणजे या लाटाच, असं त्याने ठरवलं. तर्क बिनचूक होता. दोष नळीत होता. नळीत उरलेल्या वायूचं किरणांमुळे आयनीभवन होई (त्याचे अणू विद्युतभारित होत) आणि ते आयन पट्ट्यांवर जमून त्यांचा परिणाम पुसून टाकत. १८९७ मध्ये केंब्रिजला जे. जे. थॉमसनने निर्वात आणखी चांगली केली आणि किरण वळले. इतिहासाच्या पुस्तकात हे अर्ध्या ओळीत संपतं, पण डिटेक्टरवाल्याला इथे थांबावंसं वाटतं. आजही संकेत दिसला नाही, की नवं भौतिकशास्त्र शोधण्याआधी आम्ही आधी गळती शोधतो.

थॉमसनने विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचा जोर एकमेकांविरुद्ध तोलून किरणांचा वेग काढला, आणि त्यावरून भार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर. ते हायड्रोजनच्या आयनापेक्षा हजाराहून जास्त पट निघालं. कॅथोडचा धातू बदला, नळीतला वायू बदला, गुणोत्तर तेच. पण नुसत्या गुणोत्तरावरून कण हलका आहे की त्याचा भार प्रचंड आहे, हे ठरत नाही. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कॉफमानने हेच गुणोत्तर मोजलं होतं, तेही अधिक काटेकोरपणे. पण त्याने नव्या कणाचा दावा केला नाही. मग थॉमसनला धाडस कुठून आलं? लेनार्डने दाखवलं होतं की हे किरण अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यातून बाहेर पडून हवेत बऱ्यापैकी अंतर जातात. अणूएवढी वस्तू इतकं अंतर जाऊच शकत नाही, म्हणजे हा प्रकार अणूपेक्षा खूप लहान असला पाहिजे. शिवाय झीमानने चुंबकीय क्षेत्रात सोडियमच्या प्रकाशरेषा रुंदावताना पाहिल्या होत्या, आणि त्यावरून लोरेंट्झच्या गणिताने काढलेलं गुणोत्तर याच घरातलं होतं. एक आकडा निर्वात नळीतला, दुसरा ज्योतीच्या उजेडातला. पुढे प्रकाशाने धातूतून उडणारे कण आणि किरणोत्सारातले बीटा किरण यांचंही गुणोत्तर तेच ठरलं. १८९७ हे साल ठीक आहे, पण इलेक्ट्रॉन खरा पक्का झाला तो या चार वाटा जुळल्यावर. सुट्या भाराचं माप मिलिकन आणि त्याचा विद्यार्थी फ्लेचर यांच्या तेलाच्या थेंबांवरून आलं. ते आजच्या आकड्यापेक्षा सुमारे ०.६ टक्क्यांनी कमी होतं, कारण हवेच्या चिकटपणाचा त्याने वापरलेला आकडा किंचित चुकीचा होता.

अणुकेंद्राची गोष्ट सगळ्यांना पाठ असते: सोन्याचा पातळ पत्रा, त्यावर सोडलेले अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून निघणारे धनभारित कण), काही परत फिरले. त्यात सहसा गाळलं जातं ते हे की थॉमसनच्या प्रतिकृतीतही (अणूभर पसरलेला धनभार आणि त्यात इलेक्ट्रॉन) अल्फा कण वळायचेच. अणूमागून अणू ओलांडताना प्रत्येक ठिकाणी थोडाथोडा धक्का बसून एकूण एखाददुसरा अंश कलणार, हे अपेक्षित होतं. १९०९ मध्ये मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन यांना आढळलं की प्लॅटिनमवर आदळलेल्या साधारण आठ हजारांत एक अल्फा कण ९० अंशांपेक्षा जास्त वळतो. म्हणाल तर क्षुल्लक संख्या. पण लहान लहान धक्क्यांची बेरीज इतकी होण्याची शक्यता काढली, तर ती आठ हजारांत एक सोडा, शून्याला शून्य जोडत जावी इतकी नगण्य येते. म्हणजे हे वळण एकाच टकरीत झालेलं असणार. त्यासाठी अणूचा धनभार इतक्या इवल्या जागेत हवा, की अल्फा कण त्याच्या अगदी जवळ जाऊ शकेल.

१९११ मध्ये रदरफोर्डने याचं सूत्र मांडलं: कोणत्या कोनात किती कण जातील, पत्र्याची जाडी बदलली, कणांचा वेग बदलला तर काय होईल. मग गायगर आणि मार्सडेन १९१३ पर्यंत एकेक गोष्ट बदलून मोजत राहिले. मोजायचं म्हणजे अंधाऱ्या खोलीत डोळे सरावेपर्यंत बसायचं आणि झिंक सल्फाइडच्या पडद्यावर उमटणारे मिणमिणते ठिपके सूक्ष्मदर्शकातून एकेक करून टिपायचे. लहान कोनात ते पाऊस पडावा तसे येत आणि मोठ्या कोनात वाट पाहायला लावत. दोन्ही टोकांतला फरक लाखांच्या पटीत होता. सूत्र प्रत्येक कसोटीला उतरलं. त्या काळच्या वेगवान अल्फा कणाची ऊर्जा आणि सोन्याचा भार घालून साधा गुणाकार-भागाकार केला, तर कण अणूच्या मध्यापासून अणूच्या आकाराच्या काही हजारांत एका भागाइतक्या अंतरापर्यंत पोहोचतो असं निघतं. केंद्र त्याहून लहानच असणार. त्याच १९१३ मध्ये मोसलीने क्ष-किरणांच्या वारंवारतेवरून अणुकेंद्राचा भार मोजायला सुरुवात केली. ठिपके मोजण्याशी या पद्धतीचा काहीही संबंध नव्हता. तरी उत्तर एकच. मोसली १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

प्रोटॉनसाठी रदरफोर्डने नायट्रोजनवर अल्फा कण सोडले आणि १९१९ मध्ये जाहीर केलं की त्यातून हायड्रोजनची केंद्रं, म्हणजेच प्रोटॉन, बाहेर पडतात. पण पडद्यावरचा ठिपका 'काय आलं' एवढंच सांगतो. टकरीत काय घडलं ते सांगत नाही. ते शोधायला ब्लॅकेटने क्लाउड चेंबरमध्ये (कणाचा मार्ग धुक्याच्या रेषेसारखा दाखवणाऱ्या पेटीत) जवळपास २३,००० छायाचित्रं घेतली. त्यात चार लाखांच्या आसपास मार्ग होते आणि हवी तशी विघटनं सापडली फक्त आठ. त्या आठांत टकरीनंतर तीन फाटे असायला हवे होते: प्रोटॉन, उरलेलं केंद्र आणि निसटलेला अल्फा कण. दिसले दोनच. म्हणजे अल्फा कण प्रोटॉन उडवून पुढे जात नव्हता. तो केंद्रात सामावून ऑक्सिजनचं केंद्र तयार होत होतं. नुसत्या ठिपक्यांवरून हे कधीच कळलं नसतं.

माझ्या मते या सगळ्या मालिकेतला सर्वांत देखणा शोध न्यूट्रॉनचा, आणि त्याचा मुख्य हिशोब तुम्ही कागदावर पाच मिनिटांत करू शकता. १९३० मध्ये बोटे आणि बेकर यांना दिसलं की बेरिलियमवर अल्फा कण मारले की भाररहित, खूप भेदक किरण निघतात. ते गॅमा किरण असावेत असा समज झाला. जानेवारी १९३२ मध्ये पॅरिसच्या इरेन क्यूरी आणि फ्रेडरिक जोलिओ यांना आढळलं की हे किरण मेणातून वेगवान प्रोटॉन उडवतात. गॅमा किरण इलेक्ट्रॉनला धक्का देतात तसाच हा प्रकार, असं त्यांनी मांडलं. केंब्रिजच्या चॅडविकला ते पटेना. त्याने मेणाच्या जागी वेगवेगळे पदार्थ ठेवले आणि कोणता अणू किती वेगाने उडतो हे पाहिलं. नायट्रोजनसाठी त्याने फेदरच्या क्लाउड चेंबरमधली मापं घेतली. प्रोटॉनचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ३३,००० किलोमीटर, नायट्रोजनचा सुमारे ४,७००.

आता किरण म्हणजे गोटीसारखा वस्तुमान असलेला कण आहे असं धरा. त्याचं वस्तुमान म. हायड्रोजनचं १, नायट्रोजनचं १४. समोरासमोर टक्कर झाली तर उडणाऱ्या केंद्राचा वेग, दोघांच्या वस्तुमानांच्या बेरजेच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून (म + १४) भागिले (म + १) बरोबर ३३,००० भागिले ४,७००, म्हणजे साधारण ७. सोडवलं की म येतो १.१६ च्या आसपास. नायट्रोजनच्या वेगात दहा टक्के चूक धरली तरी उत्तर प्रोटॉनच्या शेजारीच राहतं. मूळ कणाचा वेग माहीत नसला तरी चालतं, कारण भागाकारात तो उडून जातो. ही या युक्तीतली खरी मेख.

दुसऱ्या बाजूने, हे गॅमा किरण मानले तर प्रोटॉनला तेवढा वेग द्यायला सुमारे ५५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा लागते आणि नायट्रोजनला उडवायला सुमारे ९० दशलक्ष. एकाच किरणाला दोन ऊर्जा कशा असतील? त्यात बेरिलियमच्या अभिक्रियेतून १४ दशलक्षच्या वर काही निघूच शकत नव्हतं. म्हणजे ऊर्जा आणि संवेग यांच्या अक्षय्यतेचे नियम सोडा, नाहीतर नवा कण माना. फेब्रुवारी १९३२ मध्ये चॅडविकने दुसरा पर्याय निवडला. सगळी सामग्री पॅरिसमध्येही होती, हे विसरू नका. वेगवेगळ्या अणूंवर तोच प्रयोग करून आकडे एकमेकांशी ताडून पाहणं, एवढंच तिथे राहून गेलं.

न्यूट्रिनोच्या बाबतीत क्रम उलटा झाला. बीटा उत्सर्जनात बाहेर येणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा ठरावीक नसते, हे चॅडविकने १९१४ मध्येच पाहिलं होतं. उरलेली ऊर्जा कुठेतरी आसपास मुरत असेल अशी आशा होती. १९२७ मध्ये एलिस आणि वूस्टर यांनी किरणोत्सारी बिस्मथ उष्णतामापकात बंद केला आणि सगळी उष्णता मोजली. दर उत्सर्जनामागे ती ०.३४ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट भरली. इलेक्ट्रॉनची कमाल ऊर्जा १.०५ होती. बाकीची ऊर्जा उपकरणातून सहीसलामत पसार होत होती. बोर ऊर्जेच्या अक्षय्यतेवरच पाणी सोडायला तयार झाला. पाउलीने डिसेंबर १९३० मध्ये एका पत्रातून सुचवलं की भाररहित, जवळजवळ वजनशून्य असा एक कण ती ऊर्जा घेऊन जात असावा. पुढे फर्मीच्या सिद्धांतात हा कण चपखल बसला, सगळे त्याच्यावर विसंबून गणितं करू लागले, तरी कोणी 'सापडला' म्हटलं नाही. तो मान १९५६ मध्ये राइन्स आणि कॉवन यांना मिळाला. अमेरिकेतल्या सॅव्हाना रिव्हर अणुभट्टीजवळ जमिनीखाली त्यांनी कॅडमियमचा क्षार विरघळवलेल्या पाण्याच्या टाक्या ठेवल्या. न्यूट्रिनो प्रोटॉनवर आदळला तर पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जोडीदार) आणि न्यूट्रॉन तयार होतात. पॉझिट्रॉनमुळे विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण जातात, आणि काही मायक्रोसेकंदांनी कॅडमियम न्यूट्रॉन गिळतो तेव्हा दुसरी चमक येते. अशा जोडचमका तासाला दोन-तीनच, पण भट्टी बंद केली की त्या घटत. भट्टी बंद करून पाहणं हा मला सगळ्यांत समाधानकारक पुरावा वाटतो.

मधल्या काळातली एक गोष्ट मराठीत फारशी लिहिली जात नाही, म्हणून सांगतो. देबेंद्र मोहन बोस आणि विभा चौधुरी यांनी दार्जिलिंगच्या परिसरात उंचावर छायाचित्रणाच्या काचा ठेवून वैश्विक किरणांतल्या कणांचं वस्तुमान काढलं. ते इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट आलं. पद्धत बरोबर होती. पण युद्धकाळात चांगल्या प्रतीच्या काचा मिळाल्या नाहीत आणि मापं आणखी नेमकी करता आली नाहीत. १९४७ मध्ये पॉवेलच्या ब्रिस्टलच्या गटाने याच पद्धतीने, पण जास्त संवेदनशील काचांवर, पायॉन आणि त्यापासून होणारा म्युऑन, हे इलेक्ट्रॉनपेक्षा जड पण प्रोटॉनपेक्षा हलके कण, एकाच चित्रात पकडले. १९५० चं नोबेल पॉवेलला मिळालं.

पुढे त्वरक (कणांना प्रचंड वेग देणारी यंत्रं) आले आणि कणांचा इतका सुकाळ झाला की कोणाला मूलकण म्हणायचं हेच कळेना. १९६४ मध्ये गेल-मान आणि झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे क्वार्कची कल्पना मांडली. क्वार्क सुटा मिळत नाही ही तुमची शंका बरोबर आहे. पण १९६८ पासून स्टॅनफर्डच्या तीन किलोमीटर लांब त्वरकावर प्रोटॉनवर वेगवान इलेक्ट्रॉन सोडले, तेव्हा ते मोठ्या कोनांत अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त संख्येने वळले. गायगर-मार्सडेनचीच युक्ती, फक्त एक मजला खाली. त्यावरून प्रोटॉनमध्ये टणक, बिंदूसारखं काहीतरी आहे हे कळलं, आणि न्यूट्रिनोंच्या माऱ्यातून मिळालेले आकडे त्याच्याशी ताडले, तेव्हा त्या बिंदूंचा भार एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश अशा अपूर्णांकांत बसला.

आता बातम्यांविषयी. हिग्ज कणाची घोषणा ४ जुलै २०१२ रोजी झाली. तो तयार होताच विरतो. डिटेक्टरला दिसतात ती फक्त त्याची अपत्यं. अपत्यांच्या ऊर्जा आणि दिशांवरून मूळ वस्तुमान काढून आलेख मांडायचा, आणि पार्श्वभूमीच्या उतारावर उंचवटा दिसतो का ते बघायचं. इथे तो उंचवटा दोन फोटॉनांच्या (प्रकाशकणांच्या) वाटेतही आला आणि चार लेप्टॉनांच्या (इलेक्ट्रॉन, म्युऑन यांसारख्या कणांच्या) वाटेतही, दोन्हीकडे १२५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ (वस्तुमानही आम्ही ऊर्जेच्या याच एककात सांगतो). शिवाय अ‍ॅटलास आणि सीएमएस या जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या दोन वेगळ्या बनावटीच्या डिटेक्टरांत. 'पाच सिग्मा' म्हणतात तो निकष योगायोगाची शक्यता साधारण ३५ लाखांत एक इतकी खाली आणतो. मला मात्र सिग्मापेक्षा दोन वाटांचं जुळणं जास्त वजनदार वाटतं, कारण उपकरणातल्या दोषापुढे सिग्मा काही करू शकत नाही.

त्यामुळे बातमी वाचताना तीन गोष्टी बघा: दुसऱ्या गटाला तेच दिसलं का, दुसऱ्या प्रकारच्या विघटनात दिसलं का, आणि डेटा वाढला तसा उंचवटाही वाढला का. यातली तिसरी कसोटी सर्वांत निर्दय आहे. डिसेंबर २०१५ मध्ये अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोघांनाही दोन फोटॉनांच्या आलेखात ७५० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपाशी थोडा उंचवटा दिसला. पहिली कसोटी जेमतेम पार, दुसऱ्या कुठल्या वाटेत काहीच नाही. तरी त्यावर शेकडो सैद्धांतिक शोधनिबंध लिहिले गेले. ऑगस्ट २०१६ पर्यंत कित्येक पट जास्त डेटा जमला आणि आलेख तिथे सपाट झाला.